डाव्या आरशातली मोठी आई

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते, डबा खाताना हसायला म्हणून वाचायचे. मी बुलढाण्यात एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. आमच्याकडे माणूस समोर उभा असला तरी कागद नसेल तर तो नसतो! अशा बाईनं भुताखेतांवर काय विश्वास ठेवायचा? आज मात्र मीच लिहायला बसलेय. आणि यात जी दिसली, ती कुणी मेलेली बाई नव्हती…

माझ्या मिस्टरांची आत्या वडनेर भोलजीला राहायची. मूलबाळ नाही, आत्तोबा लवकर गेले. तिच्या मधल्या खोलीत एक जुनं ड्रेसिंग टेबल होतं. सागवानी, काळपट तांबूस पॉलिश, पितळी कड्या, समोर बुटकं स्टूल, आणि तीन आरसे — मधला मोठा, बाजूचे दोन बिजागरीवर हलणारे. खामगावला कुण्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा आत्तोबांच्या वडिलांनी घेतलेलं.

लग्न होऊन पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा मी त्यासमोर बसले आणि उठलेच नाही. माहेरी आमच्याकडे आरसा म्हणजे मोरीजवळ खिळ्याला टांगलेला, वडिलांच्या दाढीचा. इथे बाजूचे आरसे जरा आत ओढले की स्वतःचा अंबाडा दिसायचा, मानेची रेघ, कानामागचा तीळ. काच जुनी, कडेनं डाग पडलेले, पण तिच्यात चेहरा कसा मऊ दिसायचा. मी काही रूपवान नाही. पण त्या काचेत मला तसं वाटायचं. आत्या म्हणाली, "बस वं, बस. पाहून काई झिजत नाही तो."

पुढे अठरा वर्षं, दर दिवाळीत आणि उन्हाळ्यात, ते टेबल मीच पुसलं. काचेला ओला पेपर, कड्यांना चिंच. मागितलं कधी नाही. मागायचं काय त्यात? माझंच होतं ते, असं मी धरून चालले होते.

मग आत्याचे गुडघे गेले, आणि ती माझ्या धाकट्या दिराकडे, बुलढाण्याजवळच्या धाड गावी राहायला आली. दिराचं तिथे बी-बियाण्याचं दुकान आहे. जाऊ रूपाली, आणि त्यांची मुलगी ओवी, चार वर्षांची. टेम्पोतून सामान उतरवत होतो तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "आरसा रूपालीच्या खोलीत ठेवा. तिले लेक हाये."

मला दोन मुलगे.

"छान दिसतंय गं," मी म्हणाले. घरी येऊन भांडी अशी आदळली की मिस्टर म्हणाले, "काऊन, झालं काय?" काही नाही म्हटलं. रूपालीच्या स्टेटसवर रोज तेच टेबल. मायलेकी तिन्ही आरशांत हसताहेत. मी तिचं स्टेटस म्यूट केलं, आणि रोज म्यूटमध्ये जाऊन पाहत राहिले. शेवटी इरेला पेटून ऑनलाइन एक नवं मागवलं — एलईडी दिवे वगैरे. त्यात मी जशी आहे तश्शीच दिसायचे. आठवड्याभरात त्यावर इस्त्रीचे कपडे पडायला लागले.

तेव्हापासून मला एक सवय लागली. दुपारी डबा झाला की खुर्चीत मान मागे टाकायची, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात त्या स्टुलावर जाऊन बसायचं. डावा आरसा आत ओढायचा. एकेक कप्पा उघडायचा. दहा-पंधरा मिनिटं. कुणाला सांगितलं नव्हतं… सांगण्यासारखं होतं काय त्यात?

एक दिवस रूपालीचा फोन. हसत होती. "ताई, ओवी काय म्हणते ऐका. म्हणते मोठी आई आरशात बसेल हाये. रोज दुपारी येते म्हणते." ओवी मला मोठी आई म्हणते. मीही हसले आणि विषय बदलला.

आठेक दिवसांनी पुन्हा फोन, भर दुपारी. या वेळी ती हसत नव्हती.

"ताई, तुम्ही कुठं हाये?"

"ऑफिसात. कुठे असणार?"

"हिरवी साडी नेसल्या काय? पांढऱ्या ठिपक्यांची?"

मी खाली पाहिलं. साडी त्याच दिवशी पहिल्यांदा नेसले होते. फोटो नाही, स्टेटस नाही, धाडला कुणाला माहीत असायचं कारणच नाही.

"मी कपडे घडी करून राह्यली होती," रूपाली म्हणाली. "मान वर केली तं डाव्या आरशात तुम्ही. मांगं वळून पाह्यलं तं खोलीत कोणी नाही. बाकीच्या दोन आरशांत बी नाही."

"काय करत होते मी?"

"काही नाही. माझ्याकडे पाहत होत्या." मग हळूच म्हणाली, "ताई… तुम्ही माझ्यावर रागावल्या काय?"

मी म्हटलं, वेडी आहेस का. फोन ठेवला तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "मॅडम, टिकली पडली वाटतं तुमची." संध्याकाळी रूपालीनं फोटो पाठवला. डाव्या काचेवर, बरोबर कपाळाच्या उंचीला, मरून रंगाची लांबट टिकली. माझीच. रूपाली तर गोल लावते.

शहाणी बाई असती तर तिथेच थांबली असती. मी नाही थांबले. लिहायला लाज वाटते, पण मला कुठेतरी बरं वाटलं… की टेबल तिच्या घरात असलं तरी बसते मीच.

त्यानंतरच्या सोमवारी डोळे मिटले, तर स्टुलावर कुणीतरी होतं. माझ्या मनातल्या त्या खोलीत याआधी कधी कुणी नसायचं. ओवी होती, ओठांना लिपस्टिक फासून. मी मनात जे म्हणाले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "ऊठ. ती माझी जागा आहे."

अर्ध्या तासानं दिराचा फोन आला. ओवी स्टुलावरून पडली, हनुवटी फुटली, टाके घालायला नेलंय. "काय बडबडते काय माहीत वहिनी. म्हणते मोठी आई रागावली."

मी रजेचा अर्ज टाकला आणि मिळाली ती एसटी पकडून धाड गाठलं. टेबलावर चादर टाकलेली होती. ओवीनं मला पाहिलं आणि आईच्या मागे लपली. एरवी पायाला येऊन बिलगणारी पोर…

रूपालीचे डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, हे तुम्हीच घेऊन जा. मले नको."

माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितीये? टेम्पो कुणाचा सांगायचा. हनुवटीला पट्टी बांधलेली पोर समोर असताना!

"तिच्या घरी नाही जाणार तो आरसा," बाजेवरून आत्या म्हणाली. "इकडे ये वं. बस. वडनेरले बी बसेल राहायची तू त्यात. दिवाई करून तुम्ही बुलढाण्याले गेले, का दुसऱ्या दिवसापासून डाव्या आरशात तू. लगन झालं त्या सालापासून."

"आत्या, काहीतरीच काय…"

"मी काई भ्याली नाही. घरात एकटी होती, बरं वाटे मले. बोलत बी होती तुझ्याशी. पण तुले देलं असतं ना, तं तू तिथून उठलीच नसती, माय. दोन पोरं हायेत तुले. म्हणून नाही देलं. लेकीचं आपलं सांगाले झालं."

मी तिथेच रडायला लागले. रूपालीला सगळं सांगितलं. दुपारची सवय, ओवीला म्हटलेले शब्द, म्यूट केलेलं स्टेटससुद्धा. तिनं ऐकून घेतलं. चहा ठेवायला उठली आणि पाठ करूनच म्हणाली, "पहिल्याच दिवशी बोलल्या असत्या ताई, तं मी तेव्हाच देलं असतं." त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

ते टेबल धाडलाच आहे. मी आता डबा चौघींत बसून खाते, डोळे मिटत नाही. त्यानंतर आरशात कुणाला काही दिसलेलं नाही. मिस्टर म्हणतात मनाचे खेळ. असतील. पण मन कपाळाची टिकली काढून वीस किलोमीटरवर चिकटवतं का? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

या उन्हाळ्यात धाडला गेले होते. ओवीनंच हात धरून मला आरशासमोर नेलं आणि मांडीवर बसली. मी तिची वेणी घातली. डाव्या आरशात मी आणि ती, दुसरं काही नाही. वेणी झाल्यावरही मी बराच वेळ पाहत बसले.

दारातून रूपालीनं विचारलं, "काही दिसलं काय, ताई?"

"नाही गं," मी म्हटलं.

ती मोकळं हसली, पुढे येऊन ओवीच्या मागे वाकली आणि त्या मऊ काचेत स्वतःचे केस नीट करायला लागली. इतकी सुंदर दिसत होती… मी मान फिरवली आणि चपला घालायला बाहेर आले.