दाजींची दिवसाची लाईट

फोन बळीरामचा होता. बळीराम म्हणजे दाजींचा शेतशेजारी. कुरुंद्याच्या शिवारात दोघांची हळद बांधाला बांध लावून. शाळेत मधली सुट्टी होती आणि मी डबा उघडून बसलो होतो. तो रडत नव्हता, ओरडत होता. "सर, कुणाला तरी सांगून लाईट बंद करा. दाजी डीपीला चिकटलेत. कुणाची हात लावायची हिंमत होऊन न्हाई राहिली." डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. लाईनमनचा फोन लागत नव्हता आणि पाहुण्यांत शिकलेला तेवढा मीच, म्हणून त्याने मला कळमनुरीला फोन केला. मी वीज कंपनीच्या मदत क्रमांकावर लावला. तिथे आता माणसाआधी मशीन बोलतं. बिलासाठी एक दाबा, मीटरसाठी दोन, पुरवठा खंडित असल्यास तीन. मी तीन दाबलं. पलीकडच्या मुलीने ग्राहक क्रमांक विचारला. मी म्हणालो, "बाई, पुरवठा खंडित झालेला नाही, खंडित करायचाय." ती म्हणाली, "सर, तसा पर्याय नाहीये..." शेवटी गावातलंच कुणीतरी मोटारसायकलवर उपकेंद्रात गेलं आणि लाईन बंद करवली. दाजी त्याआधीच गेले होते. माझा डबा तसाच उघडा राहिला.

दाजी म्हणजे किसनराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाअक्काचे मालक. गेलेल्या माणसाचं गोडच लिहायची रीत आहे, ती मला जमायची नाही. दाजी हट्टी होते, बढाईखोर होते, आणि चारचौघांत माझी खेचल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. "मास्तर, पोरं पास होऊन राहिली का तुमी नापास करायचं विसरून राहिले?" असं भर पंगतीत विचारायचे. पण एका गोष्टीची त्यांनी आयुष्यात कधी थट्टा केली नाही. शेतीला लाईट दिवसाच पाहिजे, हे ते बोलू लागले की चेहरा वेगळाच व्हायचा. पूर्वी आठवडा-आठवडा रात्रीचीच लाईट असे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अक्का पोटुशी असताना हातात बॅटरी घेऊन त्यांच्यासोबत रात्री पाणी द्यायला गेली, चिखलात घसरून पडली आणि लेकरू गेलं. पुढे त्यांना मूल झालं नाही. दाजी तिला एका शब्दाने बोलले नाहीत, तीही त्यांना बोलली नाही. तेव्हापासून मात्र वीज कंपनीचा कुणी साहेब आला की दाजी पहिल्या रांगेत.

मग सोलर आलं. गावाच्या माळावर पॅनल बसणार, शेतीच्या लाईनला दिवसा वीज मिळणार, असं सांगायला एक इंजिनिअर साहेब ग्रामसभेला आले. ही हकीकत दाजींनीच मला इतक्यांदा सांगितली की मी तिथे होतो असं वाटावं. साहेब म्हणाले, सूर्य उगवला की लाईट, मावळला की सुट्टी. दाजी उभे राहिले. "साहेब, आन् ढग आल्यावर?" साहेब हसून म्हणाले, "मग देवाला विचारा." सगळी सभा हसली. दाजींना तो विनोद इतका आवडला की लग्नात, मौतीला, एसटी स्टँडवर, जिथे माणूस भेटेल तिथे ऐकवायचे. पण तो विनोद हेच उत्तर, म्हणजे ढग आले की लाईट जाणार, असं ते धरून चालले. पहिल्या पावसाळ्यात आभाळ गडगडलं की लाईट जायची, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. "बघा, देवानं बटन दाबलं," म्हणायचे.

घरी नवं मीटर बसलं तेव्हा तर त्यांना ऊतच आला. दिवसा युनिट स्वस्त, संध्याकाळी महाग, एवढं कळल्यावर त्यांनी अक्काचा सगळा संसार उन्हात आणला. मिक्सर दुपारी, इस्त्री दुपारी, टाकी भरायची ती दुपारी. जुनी मोटर काढून कमी वीज खाणारी पाच स्टारची घेतली आणि तिच्यावरचं स्टिकर उन्हाने जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक चिकटवलं. संध्याकाळी गेलेल्या पाहुण्याला त्यांच्या घरी पंखा मिळत नसे. "महागाची वेळ हाये मास्तर. वारा अंगणात फुकट हाये, चला." अक्का कपाळावर हात मारून हसायची. मी तिला इतकं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. रात्री दोघं घरात झोपत होती, एवढीच तर तिची मागणी होती.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलं होतं. दाजींची मोटर मध्येच बंद पडली. ढग आले, लाईट गेली, असा त्यांनी सरळ हिशेब केला. बळीरामला म्हणाले, "फ्यूज सारखा उडून राहिला, आभाळ उघडंस्तवर लाईन बंदच हाये तर पक्का बांधून घेतो. उगं लाईनमनला तकलीफ काहून द्यायची?" रात्रीची पाळी असायची तेव्हा दिवसा लाईन मेलेली असे आणि सगळा गाव असेच फ्यूज बांधायचा. दाजी हातात तार घेऊन गेले. खरं तर पॅनलची वीज कमी पडली की उपकेंद्रातून मोठ्या लाईनची वीज आपोआप येते. ढगांनी काहीच बंद झालं नव्हतं. फ्यूज उडाला होता म्हणून मोटर थांबली होती, आणि फ्यूजच्या वरची लाईन जिवंत होती.

चौकशीला तेच साहेब आले. डीपीकडे पाहत म्हणाले, "ढग आल्यावर लाईन बंद होते, असं यांना वाटलंच कसं?" बळीराम म्हणाला, "तुमीच म्हणले व्हते साहेब, देवाला विचारा." साहेबांना आधी आठवेना. मग आठवलं. "अहो, ती गंमत होती!" असं म्हणून ते गाडीत बसले. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण त्याहून राग आला तो गावाचा. दाजींना उचलून आणलं त्याच संध्याकाळी, अक्का ओसरीत बसलेली असताना, दारात दोघं जण मला विचारत होते, "सर, उद्या तरी लाईट चालू होईल का? हळद सुकून राहिली." दुसऱ्या दिवशी झालीही.

परवा गेलो तर बळीराम रस्त्यातच भेटला. "सर, अक्काला समजावा. पाला पिवळा पडला, पाणी तोडायची वेळ झाली, आन् हितं मोटर चालूच. खाली हळद सडून राहिली." दाजींनी स्टार्टर ऑटोवर टाकलेला होता, सकाळी लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. तेव्हापासून रोज होते आहे. रानात पाणी साचलं होतं, आंबूस वास सुटला होता. मी स्टार्टरची पेटी उघडली तर मागून अक्का आली. तिचं मोकळं कपाळ बघायची मला अजून सवय झालेली नाही.

"हात नको लावू. ते बटन त्यांनी दाबलेलं हाये."

"अक्का, अगं सगळी हळद सडून राहिली."

"सडू दे," ती म्हणाली. "मला आता कोण हळद लावनार हाये?"

मी पेटी बंद केली. पाणी पायापर्यंत आलं होतं. आम्ही दोघं चपला हातात घेऊन बांधावर चढलो...