किसनची माय नव्हे, हौसाबाई

मैत्रिणींनो, आज आमच्या परभणीच्या चर्चमध्ये बुधवारचा शिवणवर्ग चालू असताना मतदार यादीचे कारकून आले.

मेंढरं राखणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "लिवा, किसनची माय."

कारकून म्हणाले, "असं चालत न्हाई. सोताचं नाव सांगा, न्हाईतर मत न्हाई."

मावशींनी शेजारी बसलेल्या सासूकडं बघितलं. मी घरातली पहिली पदवीधर, हक्कांवर भाषणच करणार होते. तेवढ्यात मावशी ठासून म्हणाल्या, "हौसाबाई!"

सासू हसली. "ईस वर्सं झाली, तुजं नाव इसरलेच होते की गं! साहेब, माझं लिवा गयाबाई. किसनची आजी नगं."

दोघींची नावं यादीत गेली. तुमच्या आईचं नाव कसं लिहिलंय, आज विचाराल?