सुटली म्हण

हृदयविकाराच्या पेशंटची बिडी सोडवायचं काम माझ्याच गळ्यात कसं पडलं, ते मला अजून कळलेलं नाही. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरच्या एका दवाखान्यात मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते. डॉक्टर राउंडला यायचे, "बिडी पूर्ण बंद" एवढं बोलायचे आणि व्हरांड्यात जाऊन स्वतः सिगरेट शिलगवायचे. पुढची डोकेफोड माझी. पेशंट विचारायचे, "बाई, मोठं डाक्टर तर वढत्यात की!" आता यावर काय बोलणार, कपाळ?

ओरडून झालं, गोडीगुलाबीने सांगून झालं, बडीशेप चघळायला देऊन झाली. कशाचा म्हणून उपयोग नाही. गादीखालून, टोपीच्या घडीतून, कुठून कुठून बिड्या निघायच्या. त्यात कोपरगावकडचे एक शेतकरी मामा आले. उसाला पाणी देताना छातीत कळ येऊन बांधावरच पडलेले. या वेळी वाचले, पण बिडी सुटली नाही तर पुढच्या वेळी काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि मामा तर एकीवर दुसरी पेटवणारे! मी अगदी मेटाकुटीला आले.

माझं काम शेवटी मामींनी एका झटक्यात केलं. खाटेशी उभ्या राहिल्या, नवऱ्याचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माज्या गळ्याची शपथ हाय तुमाला. बिडी वढली तर माजं मेलेलं तोंड बघाल." झालं! मामांनी निमूटपणे बंडल माझ्या हातात दिलं. मी खूश. मामी म्हशींची सोय लावायला गावी गेल्या.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी सकाळी बघते तर मामा घामाने डबडबलेले आणि नाडी नुसती पळतेय. छातीत दुखतंय का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाले.

"बाई, सपनात बिडी वढली. बांधावर बसून, पार शेवटपत्तूर. आता ती जाती."

"कोण जाते?"

"मालकीन. शपथ मोडली ना मी."

मला आधी हसूच आलं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि हसू जागच्या जागी जिरलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "सपनातल्या भाकरीनं पोट भरतंय का? मंग सपनातली बिडी कशी लागंल?" मी म्हटलं, बघा, किती शहाणं बोलले! तेवढ्यात पलीकडचा एक जण म्हणाला, "आसं कसं? पुराणात त्या राजानं सपनात राज्य दान केलं, आन जागं झाल्यावर खरंच सोडलं." मामांची नाडी आणखी वाढली. मेल्याला तेव्हाच पुराण आठवायचं होतं!

डॉक्टरांनी शांत राहायचं औषध दिलं, त्याने काही झालं नाही. माझं डोकं चालेना. बिडी न ओढताच माणूस बिडीपायी मरायला टेकला होता, आणि असल्या दुखण्याचं शिक्षण मला कोणी दिलं नव्हतं. गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर मी मामींना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने मामी आल्या, चांगल्या धडधाकट. त्यांना बघून मामा लहान पोरासारखे रडले आणि हात जोडून म्हणाले, "सुटली म्हन. आजून कायबी व्हईल तुला. सुटली म्हन आदी." शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, तरच ती सुटते. मामी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी सांगा. म्हनू का?"

काय सांगू? म्हणा म्हटलं तर बिडीला दार उघडं, म्हणू नका म्हटलं तर हा माणूस भीतीनेच जायचा. "मला काही कळत नाही हो मामी," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

मामींनी पदराने नवऱ्याचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सुटली."

मामा पाठ टेकून तिथल्या तिथे झोपले. नाडी हळूहळू ठिकाणावर आली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मामींनी मला हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

"मी नुसतं तोंडानं म्हनले," त्या म्हणाल्या. "मनात न्हाई म्हनले. शपथ हाय तशी हाय. पर त्यांला सांगू नगा."

"अहो मामी, मग त्यांनी ओढली तर?"

"तर मी जाईन. तुमी वढू देऊ नगा, म्हंजी झालं." एवढं बोलून त्या नवऱ्यासाठी चहा आणायला गेल्या.

मामा जागे झाले ते एकदम हुशारीत. "बाई, माजं बंडल तुमच्याकडंच हाय न्हवं? एकच द्या की. आता तर सुटली."

"अजिबात नाही!" मी अशी ओरडले की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"आवो, एवढं चिडायला काय झालं? आता कुनाचा जीव जातोय?"

दारात मामी चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या, माझ्याकडेच बघत. मला रडू यायला लागलं. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही आहे की नाही, सांगता येत नाही. पण मी मामांचा हात धरला आणि माझ्या गळ्यावर ठेवला.

"माझा जातोय," मी म्हणाले. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

मामांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "बाई, ह्ये काय केलं! तुमचं तर आजून लगीन बी व्हायचंय," म्हणाले, आणि पांघरूण डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या दिवशी ड्यूटी संपवून घरी गेले आणि देवापुढे हात जोडले, या माणसाला आज स्वप्न पडू देऊ नकोस म्हणून. ते मामींसाठी जोडले की स्वतःसाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही.