टँकरच्या मागं रंगवलेलं नाव

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहून राहिले.

माझा भाऊ मुखेडकडं दुष्काळी गावांना टँकरनं पाणी देतो. टँकरच्या मागं त्यानं आमच्या जातीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलंय. गावानं पिढ्यान्‌पिढ्या शिवी म्हणून वापरलेलं तेच नाव. "ज्यांनी आपल्याला पाण्याला शिवू दिलं न्हाई, त्यांनी हे वाचत पाणी भरावं," म्हणतो.

आज टँकर आमच्याच गावात आला. एका बड्या शेतकऱ्याचा पोरगा त्याच नावानं भावावर ओरडला, "ए, आधी आमच्या दारात लाव!"

भावानं खाली उतरून त्याची कॉलर धरली.

"तूच लिवलंय की. मी निस्तं वाचलं," पोरगा म्हणाला.

आमची माय रांगेत पहिली होती. ते नाव कानावर पडताच ती जुन्या सवयीनं घागर उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

भावाची मूठ सुटली. "माय, आजच पुसतो."

"पुसू नको," माय म्हणाली. "पन आधी मला पुढं नेऊन उभी कर."

नाव टँकरवर तसंच हाय. मला मात्र ते इथं लिहवलं नाही. तुम्ही लिहिलं असतं?