लेखात एक चूक ठेवणारा माणूस

सलीमभाई गेल्याच्या बातमीवर मी अंगठा दाबला होता. कंपनीतल्या जुन्या लोकांचा ग्रुप आहे. सकाळी त्यावर फुलं, सुविचार, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस असं एकामागून एक येत असतं. पुनावळ्याच्या चौकात आमची बस अडकली होती आणि मी नेहमीसारखा बोट फिरवत, येईल त्या मजकुराला अंगठा देत सुटलो होतो. पाच मिनिटांत ग्रुपमधल्या पाटलाचा फोन. "विलास, लेका, वाचलंस तरी का काय लिहिलंय ते?" मग वाचलं. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुपारी दापोडीत माती. त्या मजकुराखाली ओळीनं जोडलेले हात होते आणि मधेच माझा एक अंगठा. घाईघाईनं काढला तो, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच असणार. आज दोन महिने होत आले तरी ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

सलीमभाई आणि मी चाकणच्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासायचे, चांगला इकडे, खराब तिकडे, एवढंच आमचं काम. ते दापोडीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. वडिलांचं गॅरेज होतं. मी लातूरकडून आलेला, तेव्हा कासारवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. सकाळच्या बसला त्यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरलेली असायची. मला खिडकी लागते म्हणून नव्हे, त्यांना बोलायला कुणीतरी अडकवून ठेवायचं असायचं म्हणून! भोसरी, मोशी करत चाकण येईपर्यंत हा माणूस थांबायचा नाही. राजकारण नाही, कंपनीतल्या कागाळ्या नाहीत. टीव्ही, मोबाइल आणि नटनट्या, बस्स. शेवटी वैतागून मीच एकदा म्हणालो, "सलीमभाई, हे सगळं लिहून काढा की राव, माझे कान तरी वाचतील." आणि त्या बाबानं खरंच ब्लॉग काढला.

'रिमोट कुठंय?' हे त्याचं नाव. दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, नमाजाहून आले की लिहायचे. आमच्या भागाला तेव्हा शुक्रवारची सुटी असे. पंधरा वर्षांत फारसा खाडा नाही. वाचणारे असून असून किती, तर चाळीस-पन्नास. पण लिहायचे असे की पुण्यातल्या मोठ्या पेपरात असावेत. मालिकेतल्या घरात कुणीच टीव्ही बघत नाही, म्हणून त्यांना भांडायला एवढा वेळ मिळतो, हे त्यांचंच. नवा फोन आठवडाभर उशीशेजारी झोपतो आणि वर्षानं भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली सापडतो, हेही त्यांचंच. एका नटीनं विमानतळावर तोंड लपवलं म्हणून दिवसभर बातम्या चालल्या, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या बसस्टॉपवर बायका रोज धुळीसाठी तोंड बांधून उभ्या असतात. त्यांचा फोटो घ्यायला कुणी येत नाही, हे एका परीनं बरंच आहे.' कुणाला बोचेल असं त्यांनी कधी लिहिलं नाही. नटनट्यांविषयी लिहितानासुद्धा शेजारच्या पोरीबाळींविषयी बोलावं तसं लिहायचे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. तपासणारा माणूस दिवसभर एकासारखे एक हजारो भाग बघतो. काही वेळानं डोळे उघडे राहतात, पण बघणं बंद पडतं. म्हणून साहेब लोक मधूनच चांगल्या मालात एक खराब भाग मुद्दाम सोडतात. सापडला तर माणूस जागा आहे. पुढं गेला तर त्याला उठवून चहाला पाठवायचं. सलीमभाईंनी ही रीत ब्लॉगला लावली, फक्त माझ्यासाठी. प्रत्येक लेखात एक चूक मुद्दाम ठेवायची. एकच. दापोडीहून निघालं की आधी मोशी लागते मग भोसरी, असं काहीतरी. किंवा मालिकेतल्या थोरल्या सुनेला धाकटीचा नवरा. शनिवारी बसमध्ये चढलो की मी जागेवर बसायच्या आत सांगायचं, "तिसरा परिच्छेद, सलीमभाई." मग कॅन्टीनचा चहा त्यांच्याकडून. बाकीचे वाचक बिचारे खाली प्रतिक्रिया टाकायचे की तुमचं हे चुकलंय, आणि आम्ही दोघं पोरांसारखे खिदळायचो. आठवडाभरानं ते चूक गुपचूप दुरुस्त करायचे. मला सापडली तरच, हा नियम होता.

पुढं मी पुनावळ्याला फ्लॅट घेतला. बस बदलली, खिडकी गेली, शनिवारची बैठक गेली. चूक तेवढी टेबलावर सांगायचो. काही वर्षांनी सलीमभाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तेही थांबलं. मी आपला चालूच. दोन तास जायला, दोन तास यायला, मधे आठ तास ब्रेकचे भाग. घरी आल्यावर एक ओळ वाचायचं त्राण उरायचं नाही. खोटं कशाला बोलू, त्राण नव्हतं असंही नाही… तासन्‌तास फोनवर कुणाकुणाची लग्नं बघत पडायचो. पण सलीमभाईंचा लेख आला की वाटायचं, हा नीट वाचायला हवा, उद्या वाचू. तो उद्या काही आला नाही. तीन वर्षं. आणि ते मात्र नेमानं फोन करायचे. "विलास, वाचलंस?" मी म्हणायचो, "एक नंबर, सलीमभाई!" "आणि चूक?" "छे, या वेळी भारी लपवलीत तुम्ही." ते हसायचे. मला वाटायचं, चला, म्हातारा खूश झाला. स्वतःची लाज वाटते आज हे लिहिताना.

चाळिसाव्याला दापोडीला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीनं, सनानं, मला बाजूला घेतलं. ती एका शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, अब्बूंच्या लेखांचं छोटं पुस्तक काढायचंय. पण शेवटच्या काही वर्षांतल्या चुका तशाच राहिल्यात. त्या तुमच्याशिवाय कुणाला सापडणार? तेवढ्या काढून द्याल?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? घरी येऊन, चष्मा पुसून, पहिल्यांदा ते लेख उघडले.

सुरुवातीच्या चुका नेहमीसारख्या बारीक होत्या. शोधायला घाम फुटला. पण जसजसा पुढं गेलो तसतशा त्या मोठ्या होत गेल्या. एका लेखात आळंदी पवनेच्या काठी. एकात फेब्रुवारीची तीस तारीख. एकात तर चक्क, 'मी जन्मात कधी टीव्ही पाहिला नाही.' अहो, आंधळ्यालाही दिसावं! खाली चार जणांनी हसून लिहिलंय, आजोबा, हे काय? सलीमभाईंनी कुणाला उत्तर दिलेलं नाही, दुरुस्तीही केलेली नाही. तो माणूस माझ्यासाठी चूक सोपी करत होता. दर आठवड्याला थोडी आणखी सोपी. आणि मी फोनवर सांगत होतो की भारी लपवलीत.

शेवटचा लेख नव्या टीव्हीवर आहे. हा टीव्ही म्हणे खूप वेळ रिमोटला हात लागला नाही तर पडद्यावर विचारतो, अजून बघताय ना? सलीमभाई लिहितात, 'इतक्या आपुलकीनं घरातलंही कुणी विचारत नाही. मला मात्र माझ्या वाचकाला असं विचारावं लागत नाही. माझा मित्र विलास माझं सगळं वाचतो.' या लेखातली चूक काही केल्या सापडेना. टीव्ही केवढा, कुठून आणला, जिन्यावरून चढवताना कोण अडकलं, सगळं त्यांच्या बायकोला, रुखसानाभाभींना, फोन करून विचारलं. सगळं बरोबर. मालिकेतली नाती माझ्या बायकोनं, शोभानं तपासली. तीही बरोबर. दोन दिवस मी तो लेख वरून खाली, खालून वर वाचत होतो. तिसऱ्या दिवशी कंपनीत, हातात मापाचं गेज असताना, एकदम लक्षात आलं. टेबल सोडून बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धरलं. चूक एकच असते. बाकी सगळा माल चांगला होता.

रविवारी दापोडीला गेलो. सनानं पानं लावून ठेवली होती, आणि नेमकं ते वाक्य तिनं पुस्तकाच्या सुरुवातीला एकटंच घ्यायचं ठरवलं होतं. "अब्बूंना तुमचं किती कौतुक होतं बघा काका," म्हणाली. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार नव्हतं. पण तीन वर्षं गप्पच तर होतो. सांगून टाकलं. वाचत नव्हतो, खोटं बोलत होतो, आणि हे वाक्य म्हणजेच या लेखातली चूक आहे, सगळं. सनानं पानं बाजूला सारली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, असायलाच हवा होता. भाभी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं, विलासभाऊ. मी चिडायचे, म्हणायचे तोंडावर विचारा की त्याला. तर म्हणायचे, दमलाय गं तो, विचारलं तर आणखी खोटं बोलावं लागेल त्याला…"

चहा तसाच राहिला. सनानं पेन्सिल उचलली आणि ते पान पुढं ओढलं.

"मग काढून टाकू हे वाक्य?"

"नको, राहू दे," मी म्हणालो. "फक्त पुस्तकाची घाई करू नको, बाळा. आत्तापर्यंत नुसत्या चुका शोधल्यात, सगळं वाचायचं अजून राहिलंय."