एका सेक्शनमध्ये एकच गाडी

गेल्या हिवाळ्यात चरोद्याच्या मेळ्यात एका निवृत्त रेल्वे गार्डने ट्रॅम्पोलिनच्या जाळीचं दार अडवून धरलं होतं. आत त्यांचा नातू उड्या मारत होता. धाकटी नात दारातून शिरायला बघत होती.

"आबा, मले दादासंगच उडाचं आहे."

"दादा जड आहे. तो आपटला का तू फेकल्या जाशील. एका सेक्शनमधी एकच गाडी."

"तुमाशी कट्टी."

"कर कट्टी. हात मोडून नको घेऊ."

मी मुलाला घेऊन मागे रांगेत होतो. विचारलं, "काका, लाइन कधी क्लिअर होते?"

"नातू उतरला का झाली क्लिअर."

नातू उतरला. नात चप्पल काढून, आजोबांकडे न बघता एकटीच चढली. माझा मुलगा तिच्यामागे सरकला. गार्डचा हात पुन्हा आडवा झाला.