शुक्रवारचं अंडं

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत बघा. खिचडी ढवळायला विसरलं की कशी तळाला लागते, तसे ते आपोआप साचतात! सावलीजवळच्या एका खेड्यात मी मास्तरीण आहे. सरकारने पोषण आहारातल्या शुक्रवारच्या अंड्याचा खर्च बंद केला, तेव्हापासून तर विचारूच नका.

*

पहिल्याच शुक्रवारी स्वयंपाकाच्या शेवंताबाईंनी नुसती खिचडी वाढली. दुसरीतला बंटी ताटाकडे बघतच राहिला.

"मॅडम, सरकारच्या कोंबड्या मेल्या काय जी?"

*

पुढच्या शुक्रवारी निम्मी शाळा गायब! मी तडक बंटीच्या घरी. आजी अंगणात तांदूळ पाखडत होती.

"आजी, नातू का नाही आला?"

"आज काय आहे शाळेत?"

"शिकवणं आहे ना!"

"ते तं रोजच असते!"

घ्या!

*

मग पालकांची मीटिंग घेतली. गावानेच अंडी द्यायची, घरोघरी पाळी. पहिली पाळी बंटीच्या आजीची. तिने मोठ्या मनाने टोपलीभर पाठवली. शेवंताबाईंनी एक अंडं कानाशी धरलं आणि ओरडल्या, "अवो मॅडम, हे तं आतून टोचून राह्यलं!"

आजीने घाईघाईत उबवायला बसवलेली अंडीच उचलली होती! शेवंताबाई टोपली घेऊन धावत सुटल्या. सोमवारी आख्खी शाळा पिल्लं बघायला आजीच्या अंगणात. गणिताचा तास मी तिथेच उरकला.

*

चौथीतली पायल मात्र शुक्रवारी जेवणाआधीच घरी पळायची. अंडं म्हणजे तिचा जीव की प्राण! खोदून विचारलं, तर म्हणाली, "आमच्या घरी कोंबडी नाई. लोकायचं फुकट नाई खायचं, मनते बाबा."

फार वाईट वाटलं मला. तिच्या बाबांना, देवाजीभाऊंना समजावलं, पण माणूस मानी. मुंडी खाली घालून निघून गेले.

पुढच्या शुक्रवारी ऐन जेवणाच्या वेळी देवाजीभाऊ हजर. एका हाताला पायल, दुसऱ्या काखेत त्यांचा झुंजीचा कोंबडा. झुंजी लागतात त्या कोंबडबाजारात मिरवावा तसा तुरेबाज!

"भाऊ, हा कशाला आणला? हा काय अंडी देणार?"

"हा नाई देत मॅडम. पण गावात दुसरा कोंबडा कुठी आहे? साऱ्या कोंबड्या याच्याच मांगं फिरते. मंग सांगा, या अंड्यात माह्या घरचं काईच नाई काय?"

अंडी घेऊन आलेल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. मला तर कुठे बघावं कळेना!

शेवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पायलला पंगतीत बसवलं, तिच्या ताटात अंडं वाढलं. मग त्या कोंबड्याकडे नीट बघून घेतलं आणि आणखी एक वाढलं.